अकरा डाय आणि एक खोटा रिपोर्ट

काका,

इथल्या मराठी मंडळींनी माझ्याकडे तुमच्यावर चार ओळी लिहून मागितल्या. मूळ गाव कोल्हापूर, उद्यमनगरातली सुरुवातीची वर्षं, मग सिंगापूर, मागे पत्नी आणि मुलगा. तीन ओळी सहज झाल्या. चौथी ओळ फोनवरच्या गृहस्थांनी आयतीच सांगितली: ‘हाताला पूर्वीची अचूकता राहिली नाही म्हणून शेवटची तीन वर्षं त्यांनी टूलरूम सोडून तपासणीचं काम केलं.’ सगळ्यांना तसंच माहीत आहे. मी म्हटलं, हे मला लिहिता येणार नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुम्हाला मंडाईच्या स्मशानात पोचवून आलो त्याला आज अठरा दिवस झाले, आणि त्या दिवसापासून हे माहीत असलेली मी एकटीच उरले होते.

पुण्याहून आले तेव्हा सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या त्या वर्कशॉपमध्ये मराठी माणूस भेटेल असं मला वाटलंच नव्हतं. क्वालिटी इंजिनिअर म्हणून पहिला दिवस, गळ्यात नवा बिल्ला, आणि लेथवरून मान वर न करता तुम्ही म्हणालात, “डबा आणलाय का गं? नसंल तर बाराला खाली चल. भाजी-भात मिळतो.” सगळं वर्कशॉप तुम्हाला अंकल म्हणायचं. आपले मॅनेजर लिमसाहेबसुद्धा. मी काका म्हणू लागले आणि तुम्ही मला बहुतेक वेळा पोरी म्हणायचात, माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी.

आपण काय बनवतो हे मला पहिल्यांदा तुम्हीच नीट समजावलंत. बाहेरच्या देशातला एक गिऱ्हाईक आपल्याकडून पिस्तुलाच्या काडतुसांसाठी सायझिंग डाय करून घ्यायचा. तिकडचे हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकत नाहीत, पुन्हा भरतात. पण एकदा गोळी सुटली की पुंगळी फुगते. ती हाताच्या प्रेसने डायमध्ये दाबायची, म्हणजे मूळ मापावर येते. डायच्या तोंडाशी कार्बाइडची, म्हणजे पोलादाहून कठीण पण ठिसूळ अशी, रिंग असते, ती हे काम करते. “पोलाद तापवून फुगवायचं, गार रिंग आत सोडायची, निवताना पोलाद तिला आवळून धरतं,” तुम्ही सांगितलंत. “जास्त आवळलं तर तडकती. कमी आवळलं तर निसटती.” ती रिंग बसवायचं काम फक्त तुमच्याकडे होतं.

गंमत अशी की आपल्या दोघांपैकी कुणीही खरी पुंगळी हातात धरलेली नव्हती. खरी पुंगळी वर्कशॉपमध्ये आणायची तर परवाना लागला असता, आणि लिमसाहेब त्या वाटेला जायला तयार नव्हते. म्हणून तुम्ही पितळेच्या सळईतून हुबेहूब पुंगळ्या कातून घेतल्या होत्या आणि त्यांच्यावर डाय तपासायचात. तुमचा नितीन तेव्हा नॅशनल सर्व्हिस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी सेवा, करत होता. तो घरी येऊन सांगायचा, गोळीबाराचा सराव संपला की खिशात रिकामी पुंगळीसुद्धा नाही असं प्रत्येकाला मोठ्याने सांगावं लागतं. तुम्ही ते मला सांगताना हसायचात. “पोरगा रोज बघतोय, आणि बाप नुसता अंदाजानं करतोय.”

त्यावरून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचे, काका, शेवटी ही गोळीच आहे. तुम्ही म्हणायचात, हौशी लोकं कागदाला भोकं पाडतात, आणि पितळ वाया घालवत नाहीत, त्यात वाईट काय. मी म्हणायचे, सगळेच कागदाला पाडत नाहीत. “ते खरं,” म्हणून तुम्ही कामाला लागायचात आणि दोन दिवसांनी तोच विषय स्वतःहून काढायचात. एकदा तिकडच्या कुठल्याशा गोळीबाराची बातमी आली, त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाहीत. मला वाटलं, आता मी जिंकले. पण तुम्ही दुपारभर रिंगा बसवत राहिलात आणि सुटताना म्हणालात, “मी करायचं सोडलं तर दुसरा कुणीतरी वाईट करंल. पण हे काय उत्तर नव्हं, मला कळतंय.” तो वाद तसाच राहिला. मला आता तो जिंकायचा नाही.

मग ते अकरा डाय परत आले.

एकाच महिन्यात गिऱ्हाइकाने अकरा डाय परत पाठवले. सगळ्यांच्या रिंगला तडा. सोबत कडक पत्र. लिमसाहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि शुक्रवारपर्यंत कारण शोधून रिपोर्ट द्यायला सांगितला. त्यांचा संशय उघड होता. तुमची साठी उलटून गेली होती, काही महिन्यांत तुमचा पुढचा करार व्हायचा होता, आणि रिंगा तुम्हीच बसवत होतात.

तुम्ही भिंग डोळ्याला लावून एकेक डाय उजेडाशी फिरवलात. अकराच्या अकरा. मग भिंग मला दिलंत. “खालच्या कडेला बघ. चकाकतंय का काय?” प्रत्येक रिंगच्या खालच्या कडेवर एक अर्धगोल ठसा होता. बसवताना रिंग तडकली असती तर तडा वेगळा गेला असता. हिच्यावर खालून काहीतरी आपटलं होतं.

“प्रेसमध्ये पुंगळी ज्या होल्डरात उभी करतात, तो वर येतोय आणि रिंगला धडकतोय,” तुम्ही म्हणालात. “कार्बाइड म्हणजे काच. पोलादाचा डाय सहन करंल, ही रिंग नाही करणार. हिला कागदाएवढी फट ठेवाय लागती. लोकं का ठेवंनात मग? डायबरोबर जो कागद जातो त्यात काय लिहिलंय?”

मी कागद आणला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: होल्डर डायला टेकेपर्यंत डाय खाली फिरवा, मग आणखी पाव फेरा द्या. तो मजकूर माझा होता. पोलादाच्या जुन्या डायचं माहितीपत्रक घेऊन मी त्यात फक्त नाव आणि चित्र बदललं होतं. माणसांनी ते वाचलं होतं आणि जसं लिहिलंय तसं केलं होतं.

तुम्ही कागद वाचलात, खालच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती तीही वाचलीत. कागद मला परत दिलात. जेवायच्या सुट्टीत आपण खालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांत, बसलो होतो. तुम्ही विचारलंत, “तुझा नोकरीचा पास कधी संपतोय?”

“पुढच्या महिन्यात रिन्यूला टाकायचाय.”

“आणि प्रशांतचं?”

प्रशांतची नोकरी त्याच वर्षी गेली होती. माझा नवरा आणि माझी मुलगी ऋचा, दोघंही माझ्या पासवर राहत होती. माझा पास गेला असता तर तिघांनाही सामान बांधावं लागलं असतं. हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही मला ते बोलायला लावलंत.

“मग लिही, रिंग घट्ट बसली होती.”

मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं होतं, काका. दोनदा म्हटलं.

“हे बघ. मी पीआर आहे, हितला कायमचा रहिवासी, मला कोण हाकलत नाही. फार तर दुसऱ्या टेबलावर बसवतील. आणि तो कागद आजच्या आज दुरुस्त कर, नाहीतर आणखी तडकतील.” मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “लई विचार करू नकोस. जेव.”

तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: मूळ कारण, रिंगची बसवण जास्त घट्ट. जबाबदार, एस. लोंढे. लिमसाहेबांनी तुम्हाला बोलावून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, वय झालं, पहिल्यासारखा अंदाज राहिला नाही. तुम्हाला एक वर्षाचा करार मिळाला, तपासणीच्या टेबलावर. रिंगा बसवायचं काम दुसऱ्याकडे गेलं. मी कागद गुपचूप बदलला, आणि तक्रारी थांबल्या. लिमसाहेबांना वाटलं, तुम्हाला बाजूला केलं म्हणून थांबल्या. एका मीटिंगमध्ये ते तसं बोललेही. तुम्ही शेजारीच बसला होतात. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

त्यानंतरची तीन वर्षं तुमचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, आणि हे सांगायला मला लाज वाटते की माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली वर्षं होती. वापरणाऱ्यांच्या तक्रारी गिऱ्हाईक आपल्याकडे पाठवायचा, तुम्ही मराठीत उत्तर सांगायचात, मी इंग्रजीत लिहायचे. एका म्हाताऱ्या नेमबाजाने लिहिलं होतं, तुमच्या डायमुळे माझ्या पुंगळ्यांवर उभे ओरखडे पडतात. मी लगेच डाय बदलून द्यायला निघाले होते.

“थांब,” तुम्ही म्हणालात. “त्याला विचार, पुंगळ्या वेचतोस कुठनं, आणि धुतोस का.”

त्याचं उत्तर आलं, खडीच्या मैदानातून वेचतो, आणि नाही, धूत नाही.

“वाळूचा एक कण रिंगला चिकटून बसलाय, तो सगळ्यांना ओरबाडतोय. त्याला लिही, पुंगळ्या आधी धू आणि डाय आतनं पुसून घे. पण तुझं चुकलं असं म्हणू नकोस. पुष्कळांचं असं होतं, असं लिही.”

मी तसं लिहिलं. ओरखडे थांबले. त्या माणसाने आभाराचं पत्र पाठवलं आणि तुम्ही ते दोनदा वाचून घेतलंत. दुसऱ्या एकाचं काडतूस पिस्तुलात पूर्ण बसत नव्हतं. त्याने डाय वरच अडकवून ठेवला होता, त्यामुळे पुंगळीचा बुंधा फुगलेलाच राहत होता. तिसऱ्याची गोळी पुंगळीच्या तोंडात सैल पडायची, आणि पितळच पातळ निघालं. प्रत्येक वेळी तुम्ही आधी माणूस काय करतोय ते विचारायचात आणि मग डायकडे बघायचात. आणि दर वेळी ते ‘तुझं चुकलं’ वाक्य तुम्ही माझ्याकडून खोडून घ्यायचात. मला वाटायचं, हे तुम्ही त्या लोकांसाठी सांगताय.

तुमचा करार दर वर्षी नव्याने व्हायचा, आणि दर वर्षी मी म्हणायचे, काका, आता सांगते. तुम्ही म्हणायचात, आता कशाला, मला हितं बरं वाटतंय, पायाला त्रास कमी आहे. मी ते खरं मानलं, कारण मला ते मानायचं होतं. पण मी तुम्हाला टूलरूमच्या काचेशी उभं राहिलेलं पाहिलंय. नवा माणूस रिंग बसवत असायचा आणि तुमचा उजवा हात पँटच्या शिवणीवर, रिंग आत सोडल्यासारखा, किंचित हलायचा.

मग आम्हाला पीआर मिळालं. मी पेढे घेऊन तुमच्या टेबलाशी आले. तुम्ही पेढा खाल्लात, बोटं पुसलीत आणि म्हणालात, “चला. आता निवांत झालीस.” पुढे काही नाही. मला कळलं होतं की तुम्ही काही मागत नाही आहात, आणि मला हेही कळलं होतं की आता माझ्याकडे कुठलंच कारण उरलेलं नाही. मी म्हटलं, “हो, सुटले बाई एकदाची.” आणि डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. त्यानंतर तुम्ही दीड वर्ष जगलात. त्या दीड वर्षात मी एकदाही ‘आता सांगते’ म्हटलं नाही.

माझा तुमच्यावर रागही आहे, काका. तुम्ही सगळं इतक्या सहज उचललंत की मला ते जड वाटायच्या आत ते संपलं. एकदा तरी चिडायला हवं होतंत. मी एकदा विचारलं होतं, काकूंना सांगितलंय का? तुम्ही म्हणालात, “तिला कशाला? तिच्या पोटात काय राहत नाही.” मी तेवढ्यावर समाधान मानलं. ते किती महाग पडलं हे तुम्हालाही कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी नेहमीसारखं टेबल पुसून खुर्चीत बसला होतात. मी कॉफी घेऊन आले तेव्हा तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, “जरा पाणी दे.” मी पाणी घेऊन येईपर्यंत माणसं जमली होती. बोलणं राहिलं असं लोक म्हणतात. माझं तसं नाही. मला तीन वर्षं मिळाली होती, शेजारच्या टेबलावर.

दिवस झाल्यावर मी आधी लिमसाहेबांकडे गेले. जुना रिपोर्ट आणि माहितीपत्रकाच्या दोन्ही आवृत्त्या समोर ठेवल्या. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी स्टोअरमधून त्या अकरांपैकी राहिलेला एक डाय मागवला, भिंगाखाली धरला आणि तो ठसा स्वतः पाहिला.

“सो अंकलचं फिटिंग ओके?” त्यांनी विचारलं.

“ओके होतं.”

“व्हाय अंकल नेव्हर से?”

मी सांगितलं. माझा पास, प्रशांत, ऋचा. त्यांनी डाय खाली ठेवला. “मी त्याला तिथून हलवलं,” ते इंग्रजीत म्हणाले, आणि जुना रिपोर्ट स्वतःकडे ओढला. रिपोर्ट दुरुस्त झाला. मूळ कारण बदललं, नाव बदललं. मला लेखी समज मिळाली. नोकरी राहिली. काका, इतकंच झालं. ज्याला मी इतकी वर्षं घाबरले ते दोन पानांत संपलं.

तिथून मी क्वीन्सटाउनला गेले, काकूंकडे. त्यांनी चहा ठेवला. मी म्हटलं, काकू, आधी बसा. आणि सगळं सांगितलं, हॉकर सेंटरमधल्या त्या जेवणापासून पेढ्यांपर्यंत. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला जायला सांगतील. त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे हात बरा होता?”

“बरा होता.”

“कापत नव्हता?”

“नाही, काकू. कधीच नाही.”

त्या स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. “नळ गळत होता,” त्या म्हणाल्या. “मी वॉशर बदलायला माणूस बोलावला. तो आटे चुकवत होता. हे म्हणाले, मी देतो लावून. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, तुमचा हात कापतो. त्या माणसासमोर म्हटलं मी. हे बाजूला झाले.” मग म्हणाल्या, “तीन वर्षं मी त्यांना घरात पाना धरू दिला नाही. भाजी चिरायला घेतली तरी सुरी काढून घ्यायचे. आणि ते देऊन टाकायचे.”

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि नाही केलं असंही नाही. चहा उकळून आटला होता. त्यांनी उठून गॅस बंद केला.

“नितीनलाही तेच वाटतंय,” त्या तिथूनच म्हणाल्या. नितीन आता ऑस्ट्रेलियात असतो. “मी फोनवर सांगितलं तर त्याला वाटेल, आई दुःखात काहीबाही बोलतेय. तू लिहून दे. मराठीत दे, म्हणजे मलाही वाचता येईल.”

तुमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून मी लिहिलं. रिपोर्ट लिहायची सवय, त्यामुळे क्रमाने लिहिलं: डाय कोणी बनवले, कागद कोणी लिहिला, ठसा कुठे होता, मी कुणाचं नाव घातलं आणि का. शेवटी लिहिलं, ‘श्री. लोंढे यांच्या रिंग बसवण्याच्या कामात कोणतीही चूक आढळली नाही.’

काकूंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आढळली नाही, असं नको,” त्या म्हणाल्या. “नव्हती, असं लिही.”

मी खाडाखोड केली नाही. नवीन कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला सुरुवात केली.